दाजींचं उलटं जेवण

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गेवराईच्या शाळेत दहावीच्या पोरांना इन्सुलिन शिकवत होतो. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, पप्पा गेले... हार्ट अटॅक." फळ्यावरचं पुसायचंही राहिलं.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक, नांदूरघाटचे. त्यांना साखर निघाली तेव्हा अंबाजोगाईच्या दवाखान्यात पथ्य सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आधी काकडी-मेथी, मग मटकीची उसळ, भाकरी शेवटी. दाजी मोठे शंकेखोर. आठवडाभर दोन्ही प्रकारे जेवून, बोटाला टोचून मशीनवर आकडे बघितले आणि मलाच शिकवलं, "सर, भाकर आदी गेली की साखर एकदम उसळती. भाजी-उसळ आदी गेली की दमानं चढती. इन्सुलिनला बी दम खाऊ द्यावा की!" माझ्या पुस्तकापेक्षा हे सोपं होतं, आणि बरोबरही होतं.

मग माझ्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली. दाजी भात बाजूला सारून आधी नुसती भाजी खात होते, नवरदेवाकडची माणसं टकामका बघत होती. दाजींची थट्टा करायचा तर आमचा हक्कच... मी मोठ्यानं म्हणालो, "आमचे दाजी आधी आंघोळ करतात, मग पाणी तापवतात!" पंगत खदखदून हसली. दाजीही हसले आणि मुकाट भात कालवायला लागले. वर मी आग्रहानं दोन जिलब्या वाढल्या.

माती झाल्यावर अक्का म्हणाली, "त्या लग्नापासून त्येंनी तसं जेवणंच सोडलं. घरी बी. म्हणायचे, तुझा भाऊ शिकलेला माणूस हाय, त्योच हसतो म्हणल्यावर..." तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. माझ्या थट्टेनं दाजी गेले असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही. पण खरं काय ते मला माहीत होतं, आणि चार माणसं हसावीत म्हणून मी त्या खऱ्याचंच हसं केलं. याची लाज वाटते. वर्गात उभं राहिलं तरी वाटते.

तेराव्याच्या गोडजेवणाला मी पंगतीत बसलो. आदल्याच आठवड्यात मलाही साखर निघाली होती. ठरवून आधी उसळ घेतली. समोरचे पाहुणे म्हणाले, "काय सर, पुरीवर राग हाय का?" दोघं-तिघं हसले. दारात बसलेली अक्का माझ्याकडंच बघत होती... मी मान खाली घातली, उसळ बाजूला सारली आणि पुरी मोडली.