खोलीचा पहिला घास

आमच्या गावात नवी खोली भाड्याने देण्याआधी तिच्यात भात रांधायची पद्धत होती. गाव म्हणजे तुर्भे आणि सानपाड्याच्या मधलं, खाडीच्या बाजूचं. शेती नवी मुंबईसाठी सरकारने घेतली, मिठागरं गेली, आणि ज्याने त्याने राहत्या घराच्या मागे खोल्यांची एक रांग उभी केली. कारखान्यांत कामाला येणारी माणसं त्यांत राहायची. आमचीही एक रांग होती. भाडेकरू ठरला, की तो सामान घेऊन येण्याआधी आई त्या रिकाम्या खोलीत स्टोव्ह न्यायची, भात टाकायची आणि तव्यावर सुकट भाजायची.

भात पाण्यासाठी आणि सुकट शेजाऱ्यांसाठी. भात रांधताना कळायचं, नळाला पाणी किती येतं, मोरी तुंबते का, धूर कुठून बाहेर पडतो. सुकटीच्या वासाने आजूबाजूची दारं उघडायची. कुणी नाक मुरडत यायचं, कुणी वाटी घेऊन यायचं, आणि आलेला माणूस बोलल्याशिवाय जायचा नाही. मागच्या भिंतीला ओल येते, पत्रा गळतो, समोरचा पिऊन तमाशा करतो. आई कांदा चिरत सगळं ऐकून घ्यायची. मला म्हणायची, "शेजाऱ्यांना बोलवाला जावा लागत नाय. वास जातंय बोलवाला."

भात झाला की वडील यायचे. पाटावर बसून पहिला घास खायचे, तांब्यातून पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "द्या आता चावी." मग चावी भाडेकरूच्या हातात पडायची. वडील गेल्यावर तो घास थोरला भाऊ खाऊ लागला, कारण पहिला घास मालकाचा. आईने त्या रांगेतल्या प्रत्येक खोलीत भात रांधला आणि पहिला घास एकाही खोलीत खाल्ला नाही, कारण एकही खोली तिच्या नावावर नव्हती. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. पुढे वाटायला लागलं, आणि मग ते डोक्यातून जाईना.

कालांतराने खोल्या पाडून तिथे इमारत झाली. भावांना फ्लॅट मिळाले आणि मला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. आमच्याकडे बहिणी सही करतात, पेढा खातात आणि माहेर तुटलं नाही म्हणून समाधान मानतात. मीही सही केली. थोरल्या भावाने साडीचोळीवर बोळवण केली नाही, बऱ्यापैकी रक्कम दिली, हे मी नाकारत नाही. पण परत येताना रिक्षात मला रडू कोसळलं. आईचं जे झालं तेच माझं होणार, आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाच्या भिंती झाडून काढणार, असं वाटलं. मी राहते ते सानपाड्याचं घरही नवऱ्याच्या नावावर. त्या रिक्षातच मी ठरवलं की या पैशाला हात लावायचा नाही. त्यातून भाड्याने देता येईल अशी एक खोली घ्यायची, माझ्या एकटीच्या नावावर.

ठरवणं सोपं होतं. सानपाड्यात माझ्या पैशात फार तर पार्किंगची जागा आली असती. दिघ्याला एके ठिकाणी परवडत होतं, पण त्या इमारतीचे कागद बघून वकिलाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला चहा घेणार का विचारलं. मी समजले, इमारत बेकायदा. पनवेलच्या पुढे गेले, कर्जतच्या बाजूला गेले. जिथे खोली परवडायची तिथे भाडेकरू नव्हता, आणि भाडेकरू होता तिथे खोली परवडत नव्हती.

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण, श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमान घरातली. तिचा भाऊ बरीच वर्षं अजमानला आहे. अजमान म्हणजे दुबई-शारजाच्या पुढचं छोटं अमिरात. एके दिवशी माझी रड ऐकून ती म्हणाली, "अगं, तिकडे काही भागांत बाहेरच्या लोकांना घर विकत घेता येतं. एका खोलीचा स्टुडिओ तुझ्या बजेटमध्ये येईल. टेन्शन कशाला घेतेस, भाई आहे ना तिकडे."

मी हसले. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझे पैसे, तू बघ." हे तो भाजीच्या बाबतीतही म्हणतो. भावाला सांगितलं तर तो आईसमोरच म्हणाला, "अगं, हितं डोल्यासमोरचा भाडेकरू तीन महिने तोंड लपवतो. तू परदेशात कोनाच्या दारात जाऊन बसनार? तुला नाय जमनार." मला कुणी जमणार नाही म्हटलं की माझं डोकं सटकतं. तोपर्यंत तो नुसता एक विचार होता. त्या वाक्यानंतर माझं ठरलं.

मी गेले ती थेट बँकेत. काउंटरवरच्या बाईंनी नीट समजावलं: वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे बाहेर पाठवता येतात, कशासाठी ते लिहून द्यावं लागतं, आणि बिल्डर हप्त्यांवर देतो म्हणून भुलू नका, तयार घर एकरकमी घ्या. टॅक्सवाल्याने सांगितलं, तिकडचं घर आणि भाडं दोन्ही इकडच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागेल. तिकडे भाडेकरू वर्षाचे चेक आधीच देऊन ठेवतात, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला पटेना. "सगलं आदीच देतान?" ती म्हणाली. "मंग भांडाचा कवा?"

निघायच्या आदल्या दिवशी तिने कागदात गुंडाळलेली एक पुडी माझ्या हातात दिली. त्यावर तीन पिशव्या चढवल्या होत्या, तरी सुकटीचा वास येत होता.

"आई, ते परदेशातलं घर आहे. सोसायटी आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्टीला काय इचारायचा? तू भात रांध."

अजमानला मैत्रिणीच्या भावाने मला घरी ठेवून घेतलं, त्याच्या बायकोने दोन तोंडांची एक छोटी इलेक्ट्रिक शेगडी, पातेलं आणि तवा दिला. एजंट केरळचा होता, पांढरा शर्ट, हिंदी आमच्या कॅन्टीनवाल्यासारखी. त्याने मला जो पहिला स्टुडिओ दाखवला, त्याच्या मी प्रेमातच पडले. मोठी खिडकी, लांबवर समुद्राची पट्टी, पांढऱ्या फरशा, आणि किंमत माझ्या हिशेबापेक्षाही कमी. खिडकीत उभी राहून मी मनातल्या मनात भावाला फोटो पाठवून झाले होते. एजंट म्हणाला, आजच टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.

मी म्हटलं, "आधी मला इथे भात करायचा आहे."

त्याला वाटलं मला भूक लागलीय. तो म्हणाला, खाली हॉटेल आहे. मी म्हटलं, हॉटेलातला नको, इथेच करायचा. तो मैत्रिणीच्या भावाकडे बघत राहिला. भाईचा चेहरा लाल झाला होता. मलाही लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पन्नाशीची बाई परदेशात पातेलं घेऊन फिरतेय. पण त्या खोलीत थांबून राहायला माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं आणि घाई करणाऱ्या माणसाचा मला राग येतो, म्हणून मी जमिनीवर बसकण मारली आणि तांदूळ धुवायला घेतले.

भाताला आधण आलं. तव्यावर सुकट टाकली. वास पसरला, दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. थोड्या वेळाने समोरचं दार किलकिलं झालं आणि एक पाकिस्तानी बाई ओढणी नाकाला लावून बाहेर आली. तिने काही म्हणायच्या आत शेगडीवरचा लाल दिवा विझला. वरचा पंखा थांबला, लिफ्ट कुठेतरी मधेच थांबल्याचा आवाज आला.

"रोज दोपहर को बंद होता है," ती म्हणाली. "जनरेटर है ना. पक्की बिजली अब तक नहीं आई." मग तिने ओढणी नाकावरून काढली आणि सगळं सांगितलं. उन्हाळ्यात एसी बंद पडला की लहान मुलांना घेऊन मॉलमध्ये जाऊन बसावं लागतं. जनरेटरचा खर्च प्रत्येक घराच्या माथी. भाडेकरू वर्ष पुरं करत नाहीत. मी तिला सुकट दिली, ती तिने हसून परत केली.

एजंट म्हणाला, काही महिन्यांत लाइन येईल, तेव्हा भाव दुप्पट होईल. भाईसुद्धा हळूच म्हणाला, "ताई, बघा, एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही." मी पातेल्यात बोट घालून एक शीत दाबून बघितलं. आत कच्चं होतं. खिडकीतून समुद्र दिसतच होता आणि मला ती खिडकी हवीच होती. माझी रजा संपत आली होती. रिकाम्या हाताने परतले असते तर भाऊ नुसता हसला असता. मी पातेलं उचललं आणि म्हटलं, "हे नको. दुसरं दाखवा. कायमची वीज असलेलं दाखवा, समुद्र नसला तरी चालेल."

एजंटने मग कंटाळून एक जुनी इमारत दाखवली, जी तो दाखवणारच नव्हता. आतल्या गल्लीत, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि खाली टायरवाल्याचं दुकान. भिंतींना पिवळट रंग. मी भात टाकला. पाणी धो धो आलं. वीज हलली नाही. सुकट जरा जास्त भाजली गेली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही बोंबलला की सगळा मजला बाहेर आला. वॉचमन धावत आला, एजंटने कपाळाला हात लावला. मी दारात उलथनं घेऊन उभी, आणि समोर तेलुगू कुटुंब, फिलिपिनो मुली, एक म्हातारे इजिप्तचे मास्तर. भोंगा बंद झाल्यावर त्यांतली एक फिलिपिनो मुलगी पुढे आली, तव्यात वाकून बघितलं आणि तोंडभर हसली. तिच्या घरीही असलंच काहीतरी भाजतात म्हणाली. इथे किती वर्षं राहतेस, मी विचारलं. ती मोजायला लागली आणि तिला बोटं पुरली नाहीत. मास्तर तर त्याहून जुने. खोली रिकामी का, तर आधीची भाडेकरीण लग्न करून गेली म्हणून. तिथे कुणी टिकत नाही असं एकही माणूस म्हणालं नाही. मी एजंटला म्हटलं, हेच.

पैसे पाठवणं, कागद, तिकडच्या कार्यालयातली नोंदणी, यात बरेच दिवस गेले. वार्षिक देखभालीचा आकडा मी दोनदा विचारून लिहून घेतला. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा मालकीचा कागद हातात आला. त्यावर एकच नाव होतं. एजंटने भाडेकरूही आणली होती, दवाखान्यात काम करणारी केरळची मुलगी. ती दुसऱ्या दिवशी सामान आणणार होती. मी एजंटला म्हटलं, एक चावी मी घेते, तिची चावी तुमच्याकडे ठेवा, पण माझा फोन आल्याशिवाय तिला देऊ नका. आता तो माझ्याशी वाद घालत नव्हता.

पहाटे उठून मी माझ्या खोलीत भात रांधला. सुकट केली, खिडकी उघडी ठेवून. वाफ निघाल्यावर ताट घ्यायला हात पुढे केला, आणि थांबले. मालकीण मी होते, घास माझा होता, वर्षानुवर्षं मी त्याचीच वाट बघत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर स्टोव्हजवळ पदर खोचून उभी असलेली आई आली. मी भात स्टीलच्या डब्यात भरला, वर सुकट घातली, झाकण घट्ट लावलं आणि शेजारच्या शारजाचा विमानतळ गाठला. शारजाहून मुंबई काही फार लांब नाही. तरी अख्ख्या प्रवासात तो डबा मी मांडीवर धरून बसले होते.

दुपारी गावात पोचले. आई भावाच्या हॉलमध्ये खाली बसली होती, सोफ्यावर तिला अजून जमत नाही. भाऊ जेवून उठत होता. मी बॅग दारातच टाकली आणि डबा तिच्यासमोर उघडला.

"कोनाचे नावावर झाली?" तिने विचारलं.

"माझ्या. एकटीच्या."

"मंग घास तू खा."

"तू खा. तू रांधलास सगळीकडे, खाल्ला कुठे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि पाटाऐवजी वापरतात ते छोटं स्टूल घेऊन आला. आईने स्टूल बाजूला सारलं. फरशीवरच मांडी घालून नीट बसली, पदर सावरला, गार झालेल्या भातावर सुकट कालवली आणि एक मोठा घास घेतला. बराच वेळ चावत होती. भावाने पाण्याचा तांब्या पुढे केला. ती पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि एजंटचा नंबर काढून मी हातात धरलेल्या मोबाइलकडे बघून म्हणाली,

"दे आता चावी."