चाप, चॉप आणि डुक्कर

मोहर्लीच्या एका रिसॉर्टात राहून आल्यापासून आमच्या ऑफिसातल्या मॅडम ताडोब्याचं नावही काढत नव्हत्या. वाघ दिसलाच नव्हता. दिसले होते ते पोर्क चॉप्स. "अगं, काय सॉफ्ट! काट्यानं तुटत होते," असं त्या जेवणाच्या सुट्टीत मला सांगत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी नोकरीत नवी असताना याच बाईंनी माझ्या डब्यात डुकराचं मटण पाहून नाकाला पदर लावला होता आणि आपली खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाशी नेली होती. तेव्हापासून मी डब्यात भेंडी नेते. मला भेंडी आवडतसुद्धा नाही.

"तुझ्याकडे ओव्हन आहे ना? कर की एकदा. मी येते," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे पाहुण्याला यजमान बोलावतो, पण हे त्यांना कोण सांगणार! सोमवार, गुरुवार आणि शनिवार त्या पाळतात. वाघाच्या जंगलात कोणते वार पाळले ते विचारलं नाही. बुधवार ठरला.

घरी सांगितलं तर अकरावीतली लेक म्हणाली, "आई, त्यांच्यासमोर डुक्कर नको म्हणू. पोर्क म्हणजो."

मला रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. मी भेंडी नेली ती नेली, आता पोरगी शब्दही गिळायला शिकली होती. मग मी ठरवलंच. या बाईच्या तोंडून, माझ्या घरात, माझ्या लेकीच्या देखत डुक्कर हा शब्द निघाला पाहिजे. त्या बदल्यात हवे तेवढे खाऊ देत.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर थेट बाजारात गेले. डुकराचं मटण विकणाऱ्याकडे मी मोठ्या तोऱ्यात जाड चॉप्स मागितले. त्यानं सुरा थांबवला. "चाप म्हणा ना बाई. बकऱ्याचे निघते तसेच. पर एवढे जाड काऊन पायजे? शिजन कधी?" म्हणजे रिसॉर्टातला तो थाटाचा पदार्थ आमच्या बाजारात साधा चाप होता. पसलीच्या हाडासकट काढायचा आणि बोट्या करून रश्शात टाकायचा.

आता त्याची कृती. लिहायलाही लाज वाटावी इतकी ती किरकोळ आहे. चाप कपड्यानं टिपून कोरडे केले. कडेच्या चरबीला चिरा दिल्या, नाहीतर चाप भाजताना वाकतो. मीठ, काळी मिरी, ठेचलेला लसूण आणि थोडं तेल चोळलं. लेकीनं केकसाठी घ्यायला लावलेला आणि केकला फारसा उपयोगी न पडलेला ओव्हन चांगला तापवला, चाप आत ठेवले, मध्ये एकदा उलटले. हाडाजवळ गुलाबी राहिलं नाही ना ते पाहिलं आणि थोडा वेळ झाकून ठेवले. तेवढ्यात कुकरमध्ये वरण-भात झाला. संपला स्वयंपाक. माझे बाबा अंगणात तुराट्यांच्या जाळावर कातडी भाजायचे, मग चुलीवर रस्सा चढायचा आणि अख्ख्या मोहल्ल्याला कळायचं की आज यांच्याकडे काय आहे. या ओव्हनमधून धड वासही सुटत नव्हता. मोठ्या लोकांना बहुतेक तेच आवडत असावं.

मॅडम आल्या. आधी काटा मागितला. काटा नव्हता. मग हातानं सुरुवात केली आणि बघता बघता हाड चोखायला लागल्या. दुसरा घेतला. "रिसॉर्टपेक्षा मस्त झालंय गं!"

"काय मस्त झालंय?" मी विचारलं.

"पोर्क," त्या म्हणाल्या आणि तिसऱ्याकडे हात नेला.

शेजारीच जेवायला बसलेल्या बाबांना कमी ऐकू येतं. ते आपल्या नादात मोठ्यानं म्हणाले, "काऊन बाई, डुक्कर जमलं का? इनं तर तिखट टाकलंच नाई."

लेकीनं मान खाली घातली. मी मात्र वाढायची थांबले. आता तरी तो शब्द येईल असं मला वाटलं. मॅडमनी बोटं चाटली आणि म्हणाल्या, "छान झालंय काका." रस्त्यातला खड्डा चुकवावा तसा त्यांनी तो शब्द चुकवला.

"मले तं फिकं लागते," बाबा म्हणाले आणि वरण-भात मागितला.

सकाळी उरलेला एक चाप मी माझ्या डब्यात घातला. लेक दारात उभी होती. "खरंच नेऊन राह्यली का तू?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती डब्याकडे बघत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी मॅडमना विचारलं, काल हिच्याकडे काय बेत होता म्हणून. मी समोर बसलेली असताना त्या बाईनं पापणीही न हलवता सांगितलं, "काही नाही गं, साधं चिकन."

मी डबा उघडला. "डुक्कर होतं, मॅडम," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तीन तुम्ही खाल्ले. हा त्यातलाच उरलेला आहे, घ्या."

मॅडमनी आपल्या डब्याचं झाकण लावलं, उठल्या आणि खुर्ची उचलली. उचलताना फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता. मी डबा एका हातात धरला, दुसऱ्या हातानं माझी खुर्ची उचलली आणि त्यांच्या मागोमाग गेले.