गणपतीचे डोळे आणि माझी मिशी

ज्या वर्षी वऱ्हाडातल्या कापसाला कुणी कधी न ऐकलेला भाव आला, त्या वर्षी मी चित्रकार झालो. या दोन गोष्टींचा संबंध आहे. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेला एकदम आमची आठवण झाली. भातकुलीच्या वाटेवरच्या आमच्या गावात पैसा खुळखुळू लागला. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कुणी भिंतीवरचं घड्याळ आणलं (वेळ कुणालाच कळत नसे, पण टिकटिक ऐकायला सगळे जात). ज्याला त्याला घर रंगवून हवं होतं, त्यामुळे भिंतीवर चित्रं काढणारा चितारी मिळेनासा झाला. आणि नेमकं त्याच फाल्गुनात माझ्या धाकट्या बहिणीचं, चंद्रीचं लग्न निघालं.

दाराशेजारच्या भिंतीवर गणपती नसेल तर लग्नघर कसलं? त्यातून व्याही अकोल्याचे, कापसाचे मोठे व्यापारी, आणि बारीकसारीक गोष्टींना नावं ठेवण्यात पटाईत. चंद्रीची एक सोयरीक आधी साखरपुड्यापर्यंत येऊन मोडली होती, त्यामुळे मायचा जीव टांगणीला लागलेला. ती चिताऱ्याच्या नावानं बोटं मोडत बसली होती. मी म्हणालो, त्यात काय एवढं, मी काढतो गणपती. चित्रकलेचा माझा अनुभव म्हणजे मी दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचो. आजवर एकाही बैलानं तक्रार केली नव्हती.

रंग घ्यायला मी अमरावतीला गेलो. तिथल्या बोहऱ्यानं हिंगूळ, पिवडी, नीळ आणि कालवायला डिंक असं माझ्यापुढे मांडलं. भिंतीला हेच टिकतं, असं तो मनापासून सांगत होता. पण माझी नजर त्याच्या डोक्यावरच्या फळीवर गेली. तिथे पत्र्याची एक इंग्रजी पेटी होती आणि तिच्यात रंगाच्या वड्या ओळीनं बसवलेल्या होत्या.

"वो कागज के वास्ते है, भाऊ," बोहरी म्हणाला. "मेमसाब लोग उससे फूल निकालते."

मेमसाहेबांना जे जमतं ते आम्हाला जमत नाही की काय! मी पेटी घेतली. कुंचला मात्र नीट पारखून घेतला, म्हणजे ज्याची दांडी सगळ्यांत चकचकीत होती तो घेतला. काम झालं की तो साध्या पाण्यात कसा खळखळून धुवायचा, बोटांनी टोक कसं आणायचं, सावलीत आडवा कसा ठेवायचा, हे बोहऱ्यानं बराच वेळ समजावलं. लग्नात भटजींच्या मंत्रांना आपण जशी मान डोलावतो, तशी मी डोलावली.

गणपती तांबडा झाला, चांगला झाला. मग तोच कुंचला मी निळ्या वडीत बुडवून मोर काढला. मोर जांभळा झाला. तोच कुंचला हिरव्यात घालून पोपट काढला, तो चिखलाच्या रंगाचा निघाला. अंगण सारवत असलेली बायको शेणाच्या हातांनीच भिंतीपाशी आली.

"अवो, हा मोर हाये का वांगं?"

कुंचला धुवायला हवा, हे तेव्हा मला पटलं. पण साध्या पाण्यानं काय निघतं? आमच्या घरी भांडी राखेनं निघतात. मी कुंचला राखेनं घासला, काथ्यानं घासला, आणि तरी तांबडा उतरेना म्हणून रिठ्याच्या पाण्यात घालून चुलीवर उकळायला ठेवला. बाहेर काढला तेव्हा दांडी आरशासारखी लख्ख होती. केस पातेल्याच्या तळाशी होते.

आता उरले होते फक्त गणपतीचे डोळे. वऱ्हाड त्याच दिवशी अकोल्याहून येऊन गावातल्या जानोशात उतरलं होतं आणि लग्न गोरज मुहूर्तावर लागायचं होतं. माय निक्षून म्हणाली की आंधळ्या गणपतीपुढं मी माझी पोरगी उभी करणार नाही. मी वासराच्या शेपटीचे केस काडीला बांधून पाहिले, तर डोळा ढब्बू पैशाएवढा झाला. तो पुसला. निराश होऊन रंगाच्या पाण्याचं घंगाळ पुढं ओढलं आणि त्यात मला माझा चेहरा दिसला. ओठावर केवढं तरी मऊ, बारीक सामान फुकट पडलं होतं!

उजवीकडची चिमूटभर मिशी कापली, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या झाडाच्या काडीला दोऱ्यानं बांधली आणि डोळे काढले. काय सांगू, असे डोळे साधले की गणपती माझ्याकडं बघून हसतोय असं वाटलं. मग लक्षात आलं, हसण्यासारखंच होतं. उजवी मिशी आखूड झाली होती. म्हणून डावी कापली. मग डावी आखूड झाली. असं करत करत दोन्हीकडं नुसतं गवत उरलं.

तेवढ्यात व्याह्यांचा न्हावी नवरदेवासाठी ऊन पाणी मागायला आला. मी त्याला घरामागं नेलं आणि सारखं करून दे म्हणालो. आता सारखं करण्याजोगं काही उरलं नाही, सगळीच काढावी लागेल, असं त्याचं मत पडलं. मी बसलो. काम झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "डोस्क्याचं काय करा लागते?"

मला वाटलं, गडी कामाला हपापलेला आहे. मी म्हणालो, "ते लगन आटोपल्यावर पाहू. आता कोनाले बोलू नोको."

त्यानं वस्तरा पुसला, बिदागी घेतली नाही, आणि मान खाली घालून निघून गेला. अकोल्याची माणसं मोठ्या मनाची, असं मी मनात म्हणालो.

आमच्याकडं बाप गेल्यावरच माणसाची मिशी उतरते. हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं, पण त्या दिवशी डोक्यात गणपतीच्या डोळ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि बा पत्रावळींना पळसाची पानं आणायला परतवाड्याला गेला होता. रस्ते कापसाच्या गाड्यांनी तुंबलेले, म्हणून अजून पोचला नव्हता.

थोड्याच वेळात व्याही चार वडीलधाऱ्यांना आणि त्या न्हाव्याला घेऊन दारात उभे राहिले. आधी त्यांनी माझ्या ओठाकडं पाहिलं.

"इवाई कुठी हायेत?"

"परतवाड्याले गेले. येतीनच आता."

व्याह्यांनी न्हाव्याकडं पाहिलं. न्हाव्यानं जमिनीकडं पाहिलं.

"सुतक लपवून लगन लावून राह्यले तुमी?" व्याही म्हणाले. "गाड्या जुपा रे. आमी चाललो."

आवाज ऐकून माय बाहेर आली. तिनं सुतकाचा शब्द ऐकला, माझा गुळगुळीत ओठ पाहिला, आणि परतवाड्याहून निरोप आला असं समजून तिनं हंबरडा फोडला. तिच्यामागून घरातल्या सगळ्या बायकांनी फोडला. मी ती पऱ्हाटीची काडी पुढं धरून सांगत सुटलो की मिशी इथं आहे, ही बघा, हिनंच गणपतीचे डोळे काढलेत. व्याह्यांच्या डोळ्यांत दया आली. दुःखानं पोराचं डोकं फिरलं, असं ते शेजारच्याला म्हणाले. दाराच्या आड हळद लागलेली चंद्री उभी होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

आणि तेव्हा पानांची गाडी आली. वर बा, धुळीनं पांढरा झालेला. रडारड ऐकून त्यानं चालत्या गाडीतून उडी टाकली.

"कोन मेलं बे?"

बायका तोंडाला पदर लावून मागं सरकल्या.

"अरे सांगा ना, कोन मेलं?"

शेवटी व्याह्यांनीच हात जोडले. "तुमी," ते म्हणाले.

बानं माझ्या ओठाकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातापायांकडं पाहिलं, सगळे जागच्या जागी आहेत ना म्हणून. मायनं गर्दीतून धावत येऊन त्याचा दंड धरला, आणि चारचौघांत नवऱ्याचं नाव न घेणारी ती बाई त्याला नावानं हाक मारून हसू आणि रडू लागली. मग व्याह्यांना खोकल्यासारखं काही तरी झालं. ते हसू होतं. पोट धरून हसता हसता ते भिंतीपाशी गेले, गणपतीकडं वाकून पाहत म्हणाले, "डोये मात्र झ्याक साधले."

लग्न मुहूर्तावर लागलं. चंद्री अकोल्याला सुखानं नांदली. जेवणं आटोपल्यावर बानं मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "मी जिता हाओ तवरक कुंचल्याले हात नोको लावजो." मी शब्द दिला.

आता जिवंत माणसाच्या मरणाची खोटी आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. बानं चंद्रीची नातवंडं खेळवली. दात गेले, ऐकू येईनासं झालं, पण मला दिलेली ताकीद तो एक दिवसही विसरला नाही. मी स्वतःच्या मिशीनं त्याचं आयुष्य वाढवलं आणि त्याच मिशीनं वऱ्हाडातल्या भिंती माझ्या हातून वाचवल्या.