कडेची माया

काटकोनाला वाकडं बघवायचं नाही. आता काटकोन हे काय माणसाचं नाव झालं? पण चित्रांना आणि फोटोंना चौकटी करून देणाऱ्या या गृहस्थाला सगळी गल्ली त्याच नावाने हाक मारायची, आणि रागावायचं सोडून याला आतून गुदगुल्याच व्हायच्या. कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मगच बूड टेकणार. बायको म्हणायची, "आपल्या लग्नाच्या फोटोत बघा, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तुम्ही मागच्या पडद्याकडे. वाकडा होता ना मेला!"

त्याच्या दुकानासमोर शिवणकाम करणाऱ्या ताईंचं दुकान. त्यांची एकुलती एक पोर, ठिपकी, सातव्या वर्षी गेली. दोन दिवसांचा ताप काय आणि होत्याचं नव्हतं काय! वर्ष झालं तेव्हा तिच्या चित्रकलेच्या बाईंनी ठरवलं की शाळेच्या सभागृहात कार्यक्रम करायचा. मुलं गातील, गल्लीतल्या हौशी लोकांची चित्रं विकायला ठेवू, आणि जे जमेल त्यातून हॉस्पिटलमधल्या आजारी मुलांसाठी रंग नि कागद घेऊ. मधल्या भिंतीवर मात्र ठिपकीची अकरा चित्रं, ती विकायची नाहीत. चौकटी अर्थातच काटकोनाने करायच्या. फुकट हे त्याने स्वतःहूनच सांगून टाकलं.

चित्रं घेऊन ताई स्वतः आल्या. सुती कापडात गुंडाळून आणली होती. टेबलावर ठेवताना एवढंच म्हणाल्या, "काका, कडेची माया राहू द्या हं."

"अहो ताई, तुम्ही काळजीच सोडा!"

इथेच घोळ झाला. शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. ते कापायचं नसतं, पुढे कपडा उसवून मोठा करायला लागतं. या शहाण्याला वाटलं, चित्राभोवतीची जाड पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी, म्हणजे माउंट, जरा रुंद ठेवा म्हणतायत. ठेवला की त्याने! चांगला चार बोटं रुंद, आणि महागातला.

पण त्याआधी त्याचं लक्ष कागदांच्या खालच्या कडेकडे गेलं. वहीतून ओरबाडून काढलेले कागद, त्यामुळे कड दातेरी. त्यावर रंगाचे डाग, निळे, तांबडे, एकावर एक दाबलेले. माउंटखाली ती कड झाकलीच जाणार होती. कुणाला म्हणून दिसणार नव्हती. पण याला स्वतःला ठाऊक राहिलं असतं ना, की आत काहीतरी वाकडं आहे! त्याने लोखंडी पट्टी लावली, पातं ओढलं आणि अर्धा अर्धा इंच उडवला. अकराही चित्रांचा. कापट्या केराच्या डब्यात गेल्या आणि मंगळवारी केराच्या गाडीत.

कार्यक्रमाच्या दुपारी काटकोन इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. खिशात सवयीने स्क्रू ड्रायव्हर. अकरा चौकटी अशा एका रेषेत लागल्या होत्या की बघत राहावं. बाईंनी माइकवरून त्याचे आभार मानले, टाळ्या पडल्या, हा उठून उभा राहिला, मान लववली, आणि बसताना बायकोकडे असं बघून घेतलं की तिने कपाळाला हात लावला.

मग ताई बोलायला उठल्या. त्यांना बोलायची सवय नव्हती. हातातला रुमाल पिळत म्हणाल्या, "हिला ठिपकी का म्हणायचे ते पुष्कळांना माहीत नाही. चित्र पूर्ण झालं की ही अंगठा रंगात बुडवायची आणि कागदाच्या कडेला दाबायची. 'माझा ठिपका,' म्हणायची. प्रत्येक चित्रावर आहेत ते. मी घरी त्यांच्यावर माझं बोट ठेवून बसते." त्या थांबल्या. "आता ते माउंटखाली गेलेत. पण काका इथेच आहेत. काका, एक चौकट उघडून दाखवाल सगळ्यांना?"

सगळं सभागृह त्याच्याकडे वळलं. चौकट उघडायला चार स्क्रू, दोन मिनिटांचं काम, आणि स्क्रू ड्रायव्हर मांडीला टोचत होता.

"नको ताई," तो म्हणाला. "चिकटवलंय सगळं. काच फुटेल."

"असं होय? मग नको, राहू द्या." ताई घाईने म्हणाल्या, जणू त्यांचंच चुकलं होतं. "एवढं निगुतीनं केलंय तुम्ही. तुमचे उपकार कसे फेडू काका?"

पुन्हा टाळ्या! त्या टाळ्या ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलं गायला लागली. त्याला एक शब्द कळला नाही. अंगठे होते ते. सात वर्षांच्या पोरीचे अंगठे, आणि आपण त्यांना डाग समजलो. बायकोने हळूच विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?" त्याने मान हलवली आणि उठला.

ताई मागच्या बाजूला चहाचे कप मांडत होत्या.

"ताई, चौकट उघडता येते."

"मग?"

"आत काही नाहीये. कड कापली मी. अकराही चित्रांची."

त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. "मी सांगितलं होतं ना, माया राहू द्या?"

"मला वाटलं, माउंट..."

"कापट्या कुठायत?"

"टाकल्या."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी. गाडीत गेल्या."

"मंगळवारी मी दुकानातच होते," ताई म्हणाल्या. "गाडी माझ्या दारावरूनच गेली की." मग त्याच्याकडे वळून, "आणि आत्ता तुम्ही मला सगळ्यांसमोर तुमचे आभार मानू दिलेत."

त्या रडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर जरा सोपं गेलं असतं. त्यांनी कप ठेवला आणि दुसरा घेतला.

पुढचा महिनाभर काटकोन दुकानात समोरच्या दाराकडे पाठ करून बसायचा. घरी कॅलेंडर तिरकं झालं तरी हात लावेना. बायकोनेच सरळ केलं आणि म्हणाली, "माफी मागून या एकदा."

"मागितली गं. दोनदा मागितली. त्या 'हं' म्हणतात."

आणि एका सकाळी ताईच दुकानात आल्या. तेच सुती कापड. आत एक चित्र, अर्धवट रंगवलेलं. हे त्यांनी तेव्हा दिलं नव्हतं. अर्धवट म्हणून लाजून मागे ठेवलं होतं. कड तशीच दातेरी, आणि तिच्यावर, चित्र पुरं व्हायच्या आधीच दाबलेला, एक निळा ठिपका.

"याला चौकट करा."

"मी?" काटकोन उठून उभा राहिला. "ताई, तुम्ही दुसरीकडे..."

"दुसरीकडे कुठे? या गल्लीत दुसरं कोण आहे?" त्यांनी स्टूल ओढलं, टेबलाशी बसल्या आणि कडेवर आपला तळहात ठेवला. "करा. मी बसते."

त्याने माप घेतलं ते त्यांच्या हाताच्या भोवतीनं. लाकूड कापलं, कोपरे जुळवले. माउंट कापला तो लांब, खिडकीपाशी उभं राहून, आणि त्यातली चित्र दिसायची मोकळी जागा मुद्दाम मोठी ठेवली, चित्रासकट अख्खी कड दिसेल अशी. तासभर गेला. ताईंचा हात हलला नाही. शेवटी काच बसवायची वेळ आली.

"ताई, आता हात घ्यावा लागेल."

ताईंनी, त्याने पुन्हा टेबलावर आणून ठेवलेल्या पात्याकडे बघितलं.

"आधी ते आत ठेवा."

त्याने पातं उचललं, खणात ठेवलं, खण लावला. मग त्यांनी हात उचलला.