फ्रान्सातला मसूर

धनपाल मगदूम पाणी गाळल्याबिगर पीत न्हवता. रानात असो न्हाईतर एस्टीत, खिशात पांढऱ्या फडक्याची घडी कायम. जेवायचं ते दिवस मावळायच्या आत, न्हाईतर सकाळपतूर उपाशी. ते जैन, आमी मराठे, आन् बांधाला बांध. लहानपणापास्नं मी त्येची टिंगल करत आलो. तो हसायचा, पाणी गाळायचा आन् मग प्यायचा. त्येच्या द्राक्षाला माझ्यापरीस दरसाल घोस जास्ती यायचे, त्येचा मातूर मला लय राग यायचा.

मी फौजेत पंधरा वर्सं लंगरात काढली. दोन-दोनशे जवानांचा रस्सा केलाय. कुठल्या पातेल्यात काय शिजतंय ते मला दारातनंच कळतं. हे ध्येनात ठेवा, कारण माझं पाप हितंच हाय.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमधी सांगलीकडच्या बागायतदारांनी धनपालला फ्रान्सातल्या द्राक्षबागा बघाय धाडायचं ठरवलं. तो म्हणाला, केरबा येत असंल तर जातो, न्हाईतर माझी बाग बरी. मला फौजेतलं मोडकं इंग्रजी येत व्हतं, म्हणून माझं घोडं न्हालं. निघताना त्येची बायको, गुणमालावयनी, मला दारात म्हणाल्या की ह्यांच्या ताटावर नजर ठेवा, तुमच्या हवाली करते. मी व्हय व्हय म्हणालो.

घरनं नेल्याल्या दशम्या आन् लाडू सहा दिवसांत संपले. मग नुसता पाव आन् सफरचंद. धाव्या दिवशी बागेत वेलीचा खुंट बघाय वाकला तो तिथंच बसला. डोळ्यांपुढं अंधारी. बागमालक घाबरला आन् त्येनं आमाला गाडीनं गावातल्या खानावळीत नेऊन सोडलं. तिकडं असल्या खानावळीला बिस्त्रो म्हणतात. नवरा गिऱ्हाइकाचं बघतो, बायको चुलीशी, आन् आज काय शिजलंय ते दारातल्या फळ्यावर खडूनं लिवलेलं. टेबलावर तांबड्या चौकड्यांचं कापड, माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली आन् समदी एकदमच बोलणारी. विट्याच्या बाजारातली खानावळच म्हणा, फकस्त दारूचे पेले उघड्यावर.

धनपालनं बसायच्या आधी खिडकीतनं सूर्य बघितला. घड्याळात आठ वाजून गेलते आन् समोरच्या भिंतीवर चक्क ऊन. तिकडं त्या दिवसात धाच्या सुमाराला मावळतंय. तो लय खूश झाला. म्हणाला, ह्या मुलखात जेवायची घाई तरी न्हाई. दारूचा पेला त्येनं पालथा घातला, पाणी मागवलं, खिशातलं फडकं काढून गाळलं. शेजारचं म्हातारं घास हातात धरून बघत राहिलं.

मी आत चुलीपाशी गेलो. बाईला हातवारे करून सांगितलं की मांस न्हाई, मासा न्हाई, अंडं न्हाई. बाई मायाळू. तिनं पातेल्यावरचं झाकण काढून मसूर दाखवला. वास आला तवाच मी वळखलं. डुकराचं मांस घालून दुपारधरनं रटरटत ठेवल्याला मसूर. बाईनं काट्यानं एकेक तुकडा वेचून बाजूला काढला, लेकराच्या घासातला काटा काढावा तसा, आन् निव्वळ मसूर वाढून माझ्याकडं बघून हसली. तिच्या लेखी मांस गेलं. माझ्या लेखी ते दाण्यादाण्यात व्हतं.

मी ताटली परत द्याय पायजे व्हती. पर बाहीर धनपालचं तोंड पांढरंफटक पडलेलं. अजून चार दिवस काढायचे, हा हितंच गेला तर वयनीला काय सांगू, असं मनात आलं. मी ताटली माझ्या हातानं त्येच्यापुढं ठेवली.

"निव्वळ हाय न्हवं?" त्येनं विचारलं.

"निव्वळ मसूर हाय. खा गप."

त्येनं पावानं ताटली पुसून खाल्ली. आणखी मागितला. दुसऱ्यांदाबी मीच आणून दिला.

गावात आल्यावर बागांचं ऱ्हायलं बाजूला, ह्यो त्या मसुराचंच गुणगान गाय लागला. पारावर, सोसायटीत, पाव्हण्यांत. वयनींना तसा मसूर कराय सांगायचा आन् म्हणायचा, ती चव न्हाई. मी बैलांना पाणी दावायचं निमित्त काढून उठायचो.

पुढल्या साली गावात दिगंबर मुनिमहाराज आले. महाराज दिवसातनं एकदाच जेवतात, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. सकाळी ते गावातनं चालत निघतात, तवा घरोघरी नवरा-बायकू कलश आन् नारळ घेऊन दारात उभी असत्यात. अमकं दिसलं तरच थांबायचं, असा मनात काय नेम धरलाय ते महाराजांनाच ठाऊक. ज्येच्या दारात थांबतील त्येचं भाग्य. आन् दारात उभ्या असल्याल्या माणसानं तोंडानं म्हणायचं असतं, की माझं मन शुद्ध हाय, वाचा शुद्ध हाय, काया शुद्ध हाय.

आदल्या सांजेला धनपाल माझ्या गोठ्यात आला.

"केरबा, उद्या मला कायाशुद्धी म्हणायचीया. तिकडं नजर तुझी व्हती. चुकून काय पोटात गेलं असंल तर आज सांग. मी रागावत न्हाई. महाराजांकडनं प्रायश्चित्त घीन, दारात उभा ऱ्हाणार न्हाई, एवढंच."

ह्याच्यापरीस सोपं कोण विचारणार व्हतं? पर वयनींनी आंगण सारवून रांगोळी घातलेली मी येताना बघितली व्हती. अठरा वर्सं ती बाई त्या दारात कलश घेऊन उभी ऱ्हात आलीया, आन् एकदाबी महाराज थांबले न्हवते. तिचं नाव पुढं करतोय, पर खरं सांगू? भीती माझी मलाच वाटली. माझ्या हवाली केल्यालं माणूस मी बाटवलं, हे तिच्या कानावर गेलं असतं.

"न्हाई रं, काय न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी महाराज थांबले ते नेमके धनपालच्याच दारात. धनपालनं खणखणीत आवाजात म्हणलं, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे." मी गर्दीत उभा. मी वरडलो असतो तर महाराज तसंच माघारी फिरले असते आन् दुसऱ्या दिवसापतूर उपाशी ऱ्हायले असते. गप ऱ्हायलो तर हे असं. मी गप ऱ्हायलो. धनपालच्या हातनं महाराजांच्या ओंजळीत घास पडत ऱ्हायले आन् मी एकेक मोजत ऱ्हायलो.

महाराज गेल्यावर धनपाल गर्दीतनं वाट काढत माझ्याकडं आला. डोळं भरल्यालं. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "तू व्हतास म्हणून परमुलखात माझा धरम ऱ्हायला. आजच्या पुण्यात तुझा अर्धा वाटा."

गेल्या साली तो गेला. रानातच, छातीत कळ येऊन. परवा दिवस मावळायच्या आत वयनींनी मला जेवाय बोलावलं. ताटात मसूर.

"आवं भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांना ती चव मी कवाच देऊ शकले न्हाई. जाईपतूर म्हणायचे, काय तरी कमी हाय. तुमी लंगरातले, तुमी तिथं व्हता. काय कमी पडतंय, तुमी तरी सांगा."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"मीठ, वयनी," मी म्हणालो.

त्यांनी चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, मला पुन्यांदा वाढलं आन् माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. मी भाकरीनं ताट पुसून खाल्लं आन् म्हणालो, व्हय, आता तसाच झालाय.