दारामागचं बटण

शेवटच्या रविवारचा हिशेब असा : फोटो तीन, कागद चार, कारण एकावर रेघा उठल्या, आणि खोलीत हजर आम्ही दोघं, गफूरभाई आणि मी. त्याच्या पुढच्या रविवारी दहा वाजून गेले तरी जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला नाही. मोबाइल वाजला. त्यांचा पुतण्या होता. "काका, चाचा गेले... सकाळी नमाजाला उठलेच नाय." मी मोबाइल खाली ठेवला. समोर पडद्यावर त्यांच्या नातीचा नवा फोटो अर्धा उतरला होता. तो पूर्ण होऊ दिला आणि मग कॉम्प्युटर बंद केला.

गफूरभाईंनी कुवेतला बरीच वर्षं ट्रक चालवला. कायमचे महाडला परतले तेव्हा सामानात एक प्रिंटर होता. त्यांचं घर नदीकडच्या सखल आळीत, दर पावसाळ्यात उंबऱ्याला पाणी लागणारं. माझी खोली पहिल्या मजल्यावर आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. "डबा तुझा, मशीन माझं, शाई अर्धी-अर्धी," असं त्यांनी ठरवून टाकलं. माझी पत्नी आदल्या वर्षी गेली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला. बिरवाडीच्या कारखान्यात हिशेब लिहून घरी आलो की बोलायला कोणी नसे. त्या विषयावर गफूरभाई कधी बोलले नाहीत. रविवारी दहाला यायचे, एवढंच. मुलगा दोह्याहून नातीचे, सनाचे, फोटो ई-मेलने पाठवायचा. एक फोटो उतरायला पाव तास लागे, तेवढ्यात आमचा चहा होई. छापलेला फोटो पिशवीत घालून ते घरी बायकोकडे, खदीजाभाभींकडे न्यायचे. भाभींना कॉम्प्युटरवर दिसणारी नात मान्य नव्हती. हातात धरता येईल ती खरी.

आमच्याकडच्या दमट हवेत आठवड्याभरात शाई तोंडाशी सुकायची, म्हणून दर वेळी प्रिंटरची सफाई करावी लागे. ती शाई कागदावर येत नाही. मशीनच्या तळाशी जाड कापडी गादी असते, तिच्यात मुरते. किती मुरली ते प्रिंटर स्वतः मोजतो. आकडा भरला की दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकतात आणि मशीन काम बंद करतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा दुकानदाराने नवीन घ्यायला सांगितलं. पण गफूरभाईंनी मुलाकडून युक्ती मागवली : दोन टोकांची दोन बटणं दाबून धरायची आणि तशातच वीज चालू करायची. आकडा शून्यावर येतो. अडचण अशी, की वीज चालू करायचं बटण दारामागे होतं. तिथून वायर ओढून टेबलापाशी नुसता सॉकेट बसवला होता. माझे दोन्ही हात प्रिंटरवर. तेव्हा गफूरभाई दारामागे जाऊन उभे राहत.

"टाकू का रे, हिशेबनीस?"

"टाका."

मग वीज चालू करायचं ते काम दर रविवारी त्यांचंच झालं. खोलीत शिरता शिरता बटणावर हात ठेवून विचारायचे, "टाकू का?" मी एकदा सुचवलं, की बटणांचा बोर्ड आणून टेबलाखाली ठेवला तर हे सगळं एका माणसात होईल. ते म्हणाले, "मग मी काय करू इथं? नुसता चहा पिऊ?" बोर्ड आणला नाही.

आकडा शून्य केला म्हणून गादी रिकामी होत नाही, असं मी म्हणायचो. दर वेळी ती काढून मोरीत धुवायचो, पाणी निवळ होईपर्यंत. त्यांना त्याचं हसू येई. "मशीनला कळतंय का?" त्यांना मधुमेह होता. साखर तपासायच्या आधी दोन दिवस बिनसाखरेचा चहा, भात बंद, आणि रिपोर्ट चांगला आला की मला दाखवायला आणत. "बघ, शून्य केला काउंटर." मी विचारलं, "आणि आतली गादी धुतलीत का?" खूप हसले... मग म्हणाले, "तू लई चिकट हायस," आणि चहात दोन चमचे साखर घालून घेतली.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावरच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, त्यामुळे पडद्याआडून बोलल्या. मी उठलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "दादा, सनाचा फोटो येतो का अजून?" येतो म्हणालो. "मग रविवार चुकवू नका..."

पुढच्याच रविवारी प्रिंटर चालू केला आणि दोन्ही दिवे लुकलुकायला लागले. गादी धुतली, वाळवली, बसवली. बटणं धरायला हात दोन, आणि दारामागे कोणी नाही. शेजारी हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. दोनदा दार उघडलं. दोन्ही वेळा परत लावून घेतलं. शेवटी चौकात जाऊन बोर्ड आणला, टेबलाखाली ठेवला, दोन्ही बटणं दाबून धरली आणि पायाचा अंगठा बोर्डावर टेकवला. मान वळवून दारामागे पाहिलं.

"टाका," मी म्हणालो, आणि अंगठा दाबला.

दिवे शांत झाले. सनाचा पुढचा दात पडला आहे, त्या फोटोत ती हसते आहे. दुपारी फोटोचं पाकीट भाभींच्या पडद्यापाशी दिलं.

दारामागचं बटण आता बारा महिने चालूच असतं. त्याला हात लावावा लागत नाही. बोर्डाचे नव्वद रुपये झाले. चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला रोख दिले. पैसे घेताना त्याने विचारलं, "कशासाठी हवाय?" मी म्हटलं, "एका माणसात काम व्हावं म्हणून."