पाच कागद जमल्याशिवाय

इस्पितळात तिला सगळे फाइलबाई म्हणत. कर्करोगाच्या विभागात बावीस वर्षं खर्डेघाशी केलेली, आणि शिस्त अशी की मोठे डॉक्टरही तिच्यापुढे जरा दबूनच असत.

आसपासच्या सगळ्या इस्पितळांनी मिळून उपचारांची नवी घडी बसवायचं ठरवलं, तेव्हा विभागाच्या साहेबांनी तिचंही मत विचारलं. स्तन, तोंड, फुप्फुस, गर्भाशय, आतडं हे नेहमीचे पाच. प्रत्येकाचे उपचार ठरवणाऱ्या बैठकीचा वेगळा वार, वेगळे डॉक्टर, तिच्या टेबलावर वेगळा ट्रे. उरलेल्यांसाठी सहावा ट्रे, 'इतर'. त्यांची बैठक महिन्यातून एकदा. एकदोन रुग्णांच्या कागदांसाठी आठ डॉक्टर लांबून बोलवायचे कशाला, निदान पाच कागद जमल्याशिवाय बैठक नको, असं तिनंच सुचवलं. साहेबांनी मान डोलावली. बाई महिनाभर हवेत होती.

घडी बसलीही छान. ज्या बायकांना पूर्वी दोन-दोन महिने हेलपाटे पडत, त्यांची ऑपरेशनं पंधरा दिवसांत होऊ लागली.

मग तिच्या थोरल्या भावाच्या मांडीत गाठ आली. तपासणीत कर्करोग निघाला, पण क्वचित होणारा, पाचांपैकी कशातच न बसणारा. दादाचा कागद तिनं स्वतःच्या हातानं 'इतर'मध्ये ठेवला. त्या महिन्यात तीनच कागद जमले. पुढच्या महिन्यात चार. साहेबांकडे जाऊन शब्द टाकावा असं तिला वाटलं; पण बावीस वर्षांत कुणाला रांग मोडू दिली नव्हती, आता सख्ख्या भावासाठी कोणत्या तोंडानं मागायचं? असला ताठा काय चाटायचा होता? पाचवा कागद यावा म्हणून ती देवाला विनवू लागली, म्हणजे आणखी कुणाला तरी हा रोग व्हावा म्हणून. हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली. तरी विनवणं थांबलं नाही.

तिसऱ्या महिन्यात पाचवा कागद आला. बैठकीतून उठून आलेले डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल; दोन महिने आधी नुसती गाठ काढून भागलं असतं.

बाहेरच्या बाकावर वहिनीनं विचारलं, "दोन महिने बैठक का नाही झाली?"

"पाच कागद लागतात. नियम आहे."

"कुणी केला गं हा नियम?"

"वरून आलाय," फाइलबाई म्हणाली.

वहिनीनं त्या वरच्यांना तोंड भरून शिव्याशाप दिले. मग नणंदेच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडायला लागली. "तू आत होतीस म्हणून निदान एवढं तरी झालं," ती म्हणाली.